चौथा शब्द दोनदा

आमच्या देवळाला तेव्हा पंखे नव्हते. ख्रिस्ती माणसं देवळात जातात हे ऐकून नवे शेजारी चमकायचे, पण आम्ही मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणत आलो. आज्यांच्या तोंडून आलेला शब्द, तो कशाला टाकायचा. तर हे देऊळ अजनीच्या रेल्वे क्वार्टरांच्या मागं होतं. कौलारू, चुन्याच्या भिंतींचं, एका अंगाला कडुनिंब आणि दुसऱ्या अंगाला यार्ड. प्रार्थना रंगात आली की शंटिंगचं इंजिन नेमकं शिट्टी देई, आणि ती संपेपर्यंत पाळकसाहेब "आमेन" तोंडात धरून उभे राहत.

उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत. त्यांवर बादलीनं पाणी मारलं की असा वास सुटे, की अर्धी मंडळी पहिल्याच गीतात डोळे मिटून घेई, आणि ती प्रार्थनेत आहे की झोपेत हे देवालाच ठाऊक. आजही कुठं वाळ्याचा वास आला की मला उन्हाळा नंतर आठवतो, आधी गुड फ्रायडे.

गुड फ्रायडेची आमची रीत सांगायला हवी. येशूनं वधस्तंभावरून सात उद्गार काढले. आम्ही त्यांना शब्द म्हणतो. भर दुपारी बारा ते तीन उपासना चाले आणि मंडळीतली सात माणसं एकेका शब्दावर बोलत. पहिला क्षमेचा, दुसरा शेजारच्या चोराला दिलेल्या वचनाचा, तिसरा आईला शिष्याच्या हवाली केलं तो. चौथा त्यागाचा, म्हणजे देवा, तू मला का सोडलंस, असं त्यानं विचारलं तो. पाचवा तहानेचा, सहावा काम पुरं झाल्याचा, सातवा बापाच्या हाती जीव सोपवल्याचा.

ज्याला जो शब्द एकदा मिळाला तो त्याचं वतन होऊन बसे. तिसरा कुसुमताईंचा, कारण त्या शहरातल्या मोठ्या देवळातल्या बायकांपेक्षा जास्त रडवत. चौथा गणपतरावांचा. आता ख्रिस्ती माणसाचं नाव गणपतराव कसं, असं विचाराल. तर त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मिशनरी साहेबाला स्पष्ट सांगितलं होतं की पाप घेऊन जा, नावं राहू द्या. गणपतराव रिटायर्ड सॅनिटरी इन्स्पेक्टर. चौथा शब्द सगळ्यांत अवघड, तो आपल्याशिवाय कोणाला पेलणार नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कोणापासून लपवलं नव्हतं.

पाचवा माझा. मी मालगाडीचा गार्ड. शेवटच्या डब्यात एकटा बसून मागं पळणारे रूळ पाहत राहणाऱ्या माणसाला गोष्टी सुचल्या नाहीत तर तो वेडा होईल. मी तहानेवर बोलायला उभा राहिलो की पोरं सरसावून बसत. एका वर्षी मी सांगितलं, की पांढुर्ण्याच्या पुढं आमच्या इंजिनाला अशी तहान लागली की त्यानं रुळाशेजारची अख्खी विहीर पिऊन टाकली. तळाशी एक म्हातारं कासव उरलं, ते मान वर करून माझ्याकडे असं पाहू लागलं की जणू मीच प्यायलो. उपासनेनंतर गणपतरावांनी मला कडुनिंबाखाली गाठलं. "गार्डबाबू, व्यासपीठावर कासव कशासाठी आणलंत?" मी म्हटलं, "साहेब, तहान समजावी म्हणून." ते म्हणाले, "तहान समजण्यासाठी आम्ही पुरेसे तहानलेले आहोत."

आणि होतोच. कारण बारा ते तीन कोणी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा गणपतरावांनीच घालून दिलेला नियम. व्हरांड्यात माठ असे, त्यावर झाकण, झाकणावर पेला. बाराचा टोला पडला की गणपतराव उठून पेला आपल्या पिशवीत टाकत आणि पिशवी मांडीवर घेऊन बसत. नागपूरचा एप्रिल आणि हा नियम. मोठ्या देवळातले लोक आम्हाला हसत. पण खरं सांगतो, तीन वाजता त्या माठातलं जे पाणी पोटात जाई, तसं पाणी मी पुढं कधी प्यायलो नाही.

प्रेमिलाबाई तिसऱ्या बाकावर डाव्या हाताला बसत. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक करत. माहेर कुहीचं, धानवाल्यांचं, हिंदू. लग्न करून इकडे आल्या आणि नवऱ्याबरोबर मंडळीत आल्या. नवरा गिरिधर लवकर गेला. त्यांचा आवाज असा होता की त्या वरच्या पट्टीत गेल्या की देवळाची कौलं जागची सरकत. दर मे महिन्यात पुन्हा बसवावी लागत आणि तो खर्च मंडळी आनंदानं करे. यार्डातले ड्रायव्हर रविवारी त्यांचं गीत संपेपर्यंत शिट्टी देत नसत. हे दुसरं मात्र थाप नाही, त्यांतल्या एका ड्रायव्हरनं मला स्वतः सांगितलंय.

लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांना मूल नव्हतं. बायबलातल्या हन्नेनं जसं मागितलं तसं त्यांनी देवाजवळ मागितलं, आणि झाला तेव्हा हन्नेनं देवाला वाहिलेल्या मुलाचंच नाव ठेवलं, शमुवेल. पोरगं गुणी, पण गळा असा की रुळांचा गंजलेला सांधा बरा. आई गायला लागली की हाही शेजारी उभा राहून ओरडे आणि प्रेमिलाबाई त्याच्याकडे अशा पाहत, की जगात असा सूर कोणाला सापडला नाही.

शमुवेल मॅट्रिकला बसणार होता. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात, म्हणजे त्या वर्षी पाऊस नव्हताच म्हणा, बहात्तर सालच्या त्या कोरड्या पावसाळ्यात, त्याला टायफॉइड झाला. सगळ्या मंडळीनं प्रार्थना केली. पाळकसाहेबांनी उपास केला. कुसुमताई दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिल्या. पोरगं गेलं.

त्यानंतर आम्ही सगळे त्यांच्याकडे समजावायला गेलो. देवाला फुलं आवडतात, असं कोणी म्हणालं. त्याची योजना आपल्याला कळत नाही, असं कोणी म्हणालं. प्रेमिलाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. रविवार एक चुकवला नाही. मात्र गीत सुरू झालं की पुस्तक उघडून धरत आणि तोंड मिटून उभ्या राहत. कौलं जागची हलेनात. यार्डातलं इंजिन पुन्हा वाटेल तेव्हा शिट्टी देऊ लागलं.

पुढच्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत पाळकसाहेब त्यांच्याकडे गेले. पाळकसाहेब श्रीधर मेंढे, अहमदनगरकडचे, तरुण, फार भला माणूस. कोणाला नाही म्हणणं त्यांच्या जिभेला जमत नसे. प्रेमिलाबाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, यंदा चौथा शब्द मले द्या."

साहेब म्हणाले, "बघू."

बघू म्हणजे हो, असं बाई समजल्या. बघू म्हणजे नाही, असं साहेब समजले. गणपतरावांना विचारायचा धीर साहेबांना झाला नाही, तेव्हा ते माझ्याकडे आले.

"गार्डबाबू, तुमचा पाचवा त्यांना द्याल का? बाईंचं मन मोकळं होईल. तुम्ही समजावा. तुमचं त्या ऐकतील."

माझी बायको सुमती आतून म्हणाली, "देऊन टाका गा. कासवाले तरी आराम."

दुपारचा मी बोर्डिंगाच्या मागच्या, बाईंच्या खोलीवर गेलो. प्रेमिलाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

"या गार्डबाबू. साहेबानं धाडलं ना?"

"नाही वं बाई, असाच आलो."

"असाच कोणी या उन्हात येते का? बसा. पाणी पेता?"

पाणी पिऊन मी माल मांडला. "पाहा बाई, पाचवा शब्द मोठा सोयीचा. मुळातच लहान. थोडं बोललं तरी लोक खूश. इतक्या वर्षांचा वापरलेला, हाताला बसलेला. मी तुमाले असाच देऊन राहिलो."

"कासवासगट?"

"कासव मी ठेवून घेतो."

बाई हसल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांचे दात दिसले. मग हसू गेलं आणि हात पुन्हा सुपात फिरू लागला.

"तहान नको मले. चौथा पायजे."

"तो गणपतरावाचा आहे."

"गणपतरावाचं कोण गेलं?"

मी गप्प बसलो. बोलण्यावर जन्म काढलेल्या माणसाला गप्प बसवणं सोपं नाही.

"मी त्याले मागून घेतलं होतं, गार्डबाबू," त्या म्हणाल्या. "देवाजवळ मागायची काई कमी ठेवली नाही मी. देल्ला. मंग नेला. नेला तं नेला, मी भांडत नाही. पण त्यानं सांगावं तं काहून. चुलीपाशी विचारून राहिली, कबरीवर विचारून राहिली. तिथं कोणी नसते. आता देवळात उभी राहून विचारीन, सगळ्याईसमोर. त्यानं जसं सगळ्याईसमोर विचारलं तसं."

"आणि मग?"

"मंग पाहू. दादा येऊन राहिला सोमवारी कुहीवरून, चंद्रभानदादा. म्हणते, काहून एकटी सडून राहिली तिथं, घरी चाल. मी म्हटलं, शुक्रवार होऊ दे. मले विचारू देलं नाही, नाहीतर विचारूनही हे मन असंच दगडावानी राहिलं, तं मी जाईन. बायबल इथंच ठेवून जाईन. उघडायचंच नसन तं सोबत नेऊन ढोंग कशाले करू?"

त्यांनी हे रागानं सांगितलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. त्या तांदळातला खडा वेगळा ठेवावा तसं सांगत होत्या.

मी सरळ पाळकसाहेबांकडे गेलो आणि जन्मात पहिल्यांदा जसं घडलं तसं सांगितलं. "साहेब, त्या पाचव्याला उठतील, पण बोलतील चौथाच. आणि तो बोलू दिला नाही तर सोमवारी मंडळी सोडून माहेरी जातील."

साहेब हसले. "गार्डबाबू, निदान उपवासाच्या दिवसांत तरी."

"खरं सांगतोय, साहेब."

"विहिरीइतकं खरं?"

त्यांनी बाईंना निरोप धाडला की तुमचं नाव घेतलं आहे. शब्द कोणता, ते निरोपात नव्हतं. घरी आल्यावर सुमती म्हणाली, "तुमाले खरं सांगायचं असन तं आधी मले सांगत जा. मी सांगीन लोकाईले."

त्या शुक्रवारी ऊन असं होतं की कडुनिंबाची सावली झाडाला चिकटून बसली होती, खाली उतरायला तयार नव्हती. नळाला पाणी घटकाभरच येई, म्हणून ताट्याही धड भिजल्या नव्हत्या. बाराचा टोला पडला. गणपतरावांनी पेला पिशवीत टाकला.

पहिला शब्द झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला कुसुमताई उठल्या. आई आणि मुलाचा शब्द. त्यांनी तोंड उघडलं, समोर तिसऱ्या बाकावर नजर गेली आणि त्यांच्यानं पुढं बोलवेना. मंडळीला रडवणाऱ्या कुसुमताई स्वतःच रडत खाली बसल्या. गीत लवकर घ्यावं लागलं.

मग गणपतराव. पिशवी बाकावर ठेवून ते व्यासपीठावर चढले. त्यांचं भाषण आम्हाला पाठ होतं. बाप लेकराला सोडत नाही. सोडल्यासारखं वाटतं, तो भास. "परीक्षेच्या वेळी मास्तर गप्प असतात," ते म्हणाले, "म्हणून मास्तर शाळा सोडून गेले असं नव्हे." दर वर्षी हे वाक्य येई आणि दर वर्षी आम्ही माना हलवत असू. त्या वर्षी मान कोणाचीच हलली नाही. ज्या परीक्षेला शमुवेल बसायचा होता ती नुकतीच आटोपली होती. गल्लीतली त्याच्या बरोबरीची पोरं देऊन आली होती. गणपतरावांच्या हे ध्यानातच नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो. वर्षानुवर्षं तेच भाषण करणाऱ्याला आपलं भाषण ऐकू येत नाही.

ते उतरले. गीत झालं. पाळकसाहेब म्हणाले, "पाचवा शब्द. प्रेमिलाबाई."

बाई उठल्या. हातात पुस्तक नव्हतं. पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेला. आमच्या व्यासपीठावर बाईमाणूस आधी चढलं नव्हतं असं नाही, कुसुमताई चढत. पण कुसुमताई चढल्या की पायऱ्या वाजत. प्रेमिलाबाई कधी वर पोचल्या ते कळलंच नाही. त्यांनी दोन्ही हातांनी लाकडी कठडा धरला आणि म्हणाल्या,

"माह्या देवा, माह्या देवा, काहून सोडलं तू मले?"

गणपतराव खाकरले. मग हळूच, मदत करावी तशा सुरात म्हणाले, "बाई, तो झाला. आता तहानेचा."

"झाला कुठं, दादा?" बाई म्हणाल्या. "तुमी उत्तर देलं. त्यानं काय तुमाले विचारलं होतं?"

देवळात कोणाचा पंखा हलेना. आमचे पंखे म्हणजे ताडाचे, हातातले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मले माहीत आहे तुमी सगळे काय म्हणता," त्या म्हणाल्या. "तुमी येऊन सांगून गेले. चांगल्या मनानं सांगून गेले. माह्या लेकराच्या खाटेपाशी तुमी सगळे होते, मी इसरली नाही. साहेब उपाशी राहिले. कुसुमताई पायरीवर झोपल्या. पण मी तुमाले विचारून नाही राहिली. मी त्याले विचारून राहिली. मी म्हणते का, शमुवेल तुह्याच नावाचा होता. तुले पायजे होता तं मले मागायचा होता, मी नाही म्हटलं असतं का? म्हटलं असतं. खोटं नाही बोलत. नाही म्हटलं असतं. पण तू मागितला तं असता. न मागता काहून…"

तिथं त्यांचा आवाज गेला. रडू आलं असं नाही. घसा कोरडा पडला. गुरुवारपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं हे आम्हाला नंतर कळलं. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. ज्या गळ्यानं कौलं सरकत त्या गळ्यातून घरघर आली फक्त. त्यांनी कठडा आणखी घट्ट धरला आणि मग कसंबसं म्हणाल्या,

"पाणी. तहान लागली मले."

भिंतीवरच्या घड्याळात तीनला बराच अवकाश होता. सगळं देऊळ वळून गणपतरावांकडे पाहू लागलं. सांगतो म्हणून नाही, पण त्या वेळी वाळ्यावरून थेंब पडला तोही ऐकू आला.

गणपतराव बसून होते. पिशवी मांडीवर. मग ते उठले, पिशवीतून पेला काढला, आणि बाकांच्या मधून व्हरांड्याकडे निघाले. म्हातारा माणूस, तहानलेला, घाईत. माठाचं झाकण खाली पडून फुटलं. ते परत आले तेव्हा पेला दोन्ही हातांत धरला होता तरी सांडत होता. बाकांच्या मधल्या फरशीवर ओली रेघ उमटत गेली. व्यासपीठाच्या पायऱ्यांशी उभं राहून त्यांनी तो वर केला.

बाई प्यायल्या. पेला परत दिला आणि म्हणाल्या, "अजून."

गणपतराव पुन्हा गेले, पुन्हा आले. या वेळी ते पायऱ्या चढून वर गेले आणि त्या पीत असताना शेजारी उभे राहिले. चौथा शब्द वर्षानुवर्षं समजावणारा माणूस, त्याच्याजवळ बोलायला काही नव्हतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. खाली आमच्याकडे पाहिलं, मग हातातल्या पेल्याकडे.

"त्याले तहान लागली तं शिपायाईनं आंब देल्ली होती, आंबट शिरका," त्या म्हणाल्या. "तुमी मले पाणी देलं."

आणि खाली उतरून आपल्या बाकावर जाऊन बसल्या. सहावा शब्द कोण बोललं, काय बोललं, मला आठवत नाही. कोणाला आठवत असेल तर त्याची गोष्ट माझ्यापेक्षा मोठी थाप समजा.

नंतरचं थोडं आधीच सांगून टाकतो. गणपतरावांनी पुढं चौथा शब्द कधी घेतला नाही. तो प्रेमिलाबाईंचा झाला. त्या दर वर्षी उभ्या राहत, तोच प्रश्न विचारत, थोडंफार बोलत आणि उतरत. उत्तर त्यांनी कधी दिलं नाही आणि दुसऱ्यालाही देऊ दिलं नाही. पाचवा गणपतरावांनी मागून घेतला. त्यावर ते भाषण करत नसत. माठ आत आणून ठेवलेला असे, त्यातून पेला भरून ते एकेका बाकाशी जात आणि ज्याला हवं त्याला पाणी देत. म्हातारपणी पाय ओढत, पण दुसऱ्याच्या हाती पेला देत नसत. माझं वतन गेलं ते गेलंच. आता ते कौलारू देऊळ पाडून सिमेंटचं बांधलंय, पंखे आहेत, माइक आहे, वाळा कोणाला माहीत नाही. गणपतराव नाहीत, कुसुमताई नाहीत, माझी सुमतीही गेली. प्रेमिलाबाई पंच्याऐंशी साली गेल्या, बोर्डिंगाच्या त्याच खोलीत. पण पाचव्या शब्दाला पाणी फिरतं अजून. बाहेरगावचे पाहुणे विचारतात ही कुठली रीत, तर नवी पोरं म्हणतात, आमच्याकडे आधीपासून आहे.

त्या सोमवारी मात्र यातलं काही ठरलेलं नव्हतं. आदल्या दिवशी ईस्टर झाला. बाई आल्या, बसल्या, तोंड मिटूनच उभ्या राहिल्या. कोणालाच काही कळेना. सोमवारी सकाळी पाळकसाहेबांनी पुन्हा मलाच धाडलं. म्हणाले, "जाऊन बघा, आणि जे दिसेल ते सांगा. मी विश्वास ठेवीन."

मी गेलो तेव्हा चंद्रभान येऊन बसला होता. उंच, काळासावळा, उन्हानं रापलेला माणूस, धोतरावर नवीन सदरा. दाराशी तांदळाचं एक पोतं. कुहीवरून पहिल्या मोटारीनं निघाला होता. खाटेवर एक ट्रंक उघडी पडली होती, त्यात दोन लुगडी आणि शमुवेलचा शाळेचा सदरा. बायबल कुठं आहे हे मी नजरेनं शोधत होतो. ते खिडकीत होतं, उपडं, उघडं. म्हणजे काय ते मला समजेना.

बाईंनी आम्हा दोघांना चहा दिला. चंद्रभान बशीत फुंकर मारत म्हणाला, "मी मोटारवाल्याले सांगून ठेवलं, दोन वाजताची पकडू. सामान किती आहे?"

"दादा, मी नाही येत," बाई म्हणाल्या.

चंद्रभाननं बशी खाली ठेवली. "काहून?"

"तिथं तुमी माहे लाड करान. वहिनी मले चुलीपाशी जाऊ देणार नाही. लेकरं आत्या आत्या करतीन. सगळं माहीत आहे मले."

"मंग काय वाईट आहे त्यात?"

"वाईट नाही गा. पण मी विचारीन कोणाले तिथं? इथं मी विचारलं तं कोणी मले पागल म्हटलं नाही. पाणी आणून देलं."

चंद्रभान माझ्याकडे पाहू लागला, हे काय बोलून राहिली, अशा नजरेनं. मी काही बोललो नाही. दोन वेळा गप्प बसलो त्या वर्षात मी, ही दुसरी.

थोड्या वेळानं तो अगदी हळू आवाजात म्हणाला, कारण बहिणीला दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं, "प्रेमिला, एक सांग. बोलला का तुहा देव काई?"

"नाही."

"काईच नाही?"

"काईच नाही."

"मंग?"

"मंग काय," बाई ट्रंकेतला सदरा झटकून त्याची घडी घालत म्हणाल्या. "मी बोलून राहिली ना त्याच्याशी."

चंद्रभाननं उठून तांदळाचं पोतं आत ओढून आणलं आणि कोपऱ्यात उभं करून ठेवलं. "मी दोनच्या मोटारीनं जातो," तो म्हणाला. "भात टाक. या भाऊचाही."